पश्याच्या मालिकेतली आई

१२ जून
सीताबर्डीला दुपारचा शो, ऑफिसातल्या शुभदासोबत. ऐतिहासिक. मावळे जिममधून थेट लढाईवर आलेले. घोडे कॉम्प्युटरचे, आणि एकूणात त्यांचाच अभिनय बरा. राजा आला की वारा. बाहेर नागपूर भाजून निघतंय आणि पडद्यावर ह्याच्या केसांना वारा. शुभदा रडली. मी एसीसाठी गेले होते, एसीने काम चोख केलं. भंगार. यापुढे नुसतं भं. लिहीन.

१५ जून
संध्याकाळी आईसोबत 'तुळशीपुढची सून'. सुनेची स्मृती गेली होती, ती जिन्यावरून पडल्यावर परत आली. गेली होती तीही त्याच जिन्यावरून पडून. आई म्हणाली, "त्या जिन्यालेच पगार द्या बापा. सगळं काम तोच करून राहिला."
आई माझ्याहून दुष्ट समीक्षक. कुहीकडच्या खेड्यातून लग्न होऊन नागपुरात आली, इथेच म्हातारी झाली, पण बोलणं तेच राहिलं. मालिकेत नवी मोलकरीण आलीये, अर्थातच आपल्याकडचं बोलणारी. डॉक्टर, वकील, हिरोईन सगळे शुद्ध. 'का'ला 'काहून' म्हणायला मोलकरीण, वॉचमन, नाहीतर येडा.
आई : "आपल्याकडे डॉक्टर नाही होत का वं?"
मालिका भं. आई उत्तम.

१९ जून
पश्याचा फोन. धाकटा भाऊ, मुंबईत मालिका लिहितो. आजवर दुसऱ्यांच्या मालिकांत संवाद भरायचा (त्याही भं., त्याला तोंडावर सांगितलंय). आता त्याची स्वतःची येतेय. "ताई, मेन रोल आपल्याकडच्या बाईचा. पूर्ण आपल्या भाषेत. पहिल्यांदा."
आईने शेजारच्या देशकरकाकूंपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं. मीही ऑफिसात सांगितलं. नको होतं सांगायला.

१ जुलै
'पाहुणी आली सोसायटीत', भाग पहिला. आई नवी साडी नेसून टीव्हीसमोर.
विदर्भातली गिरजामावशी पुण्याला भाच्याच्या फ्लॅटमध्ये येते. नटी चाळिशीची, केसांवर पांढरी पावडर. दर वाक्यात 'काहून', जिथे बसत नाही तिथेही. "पाणी दे ना काहून" असं जगात कोणी म्हणत नाही. आणि प्रत्येक 'मले' नंतर मागून हसण्याचा आवाज.
पण मावशी पिशवीत पिशवी, तिच्यात अजून एक पिशवी ठेवते. मेट्रोत बाई 'पुढील स्टेशन' म्हणते तर ही तिला मोठ्याने "हो, हो, समजलं" म्हणते. ही तर आमची आई. पश्याने उचलून नेली.
आई : "मी अशी बोलते का वं?"
"नाही."
"मग काहून हासून राहिली तू?"
"मी नाही हसले. ते टीव्हीतून होतं."
"असं का," म्हणाली. मग तीही हसली. पोराचं नाव पडद्यावर आलं तेव्हा हात जोडले.
माझं मत : भं. पश्याला कळवलं. त्याने अंगठा पाठवला.

९ जुलै
मालिका चालतेय. चालणारच. देशकरकाकू पाहुण्यांना घेऊन येतात, "ह्याच त्या, खऱ्या गिरजामावशी." आईला आधी गंमत वाटली. मेट्रोत एका कॉलेजच्या पोरीने मोबाइल धरला, "आजी, एकदा काहून म्हणा ना." आईने म्हटलं. डबाभर लोक हसले.
आज भाजीवाल्याकडे ती वांगी निवडत होती. काही विनोद नव्हता, नुसतं विचारलं, "काहून एवढी महाग लावून राहिला?" तरी लोक हसले. आईने वांगी परत ठेवली.

१६ जुलै
हे लिहायचं की नाही कळत नाही. लिहिते.
बाबा गेले ती दुपार. गांधीबागेत कापडाच्या दुकानात उभ्या-उभ्या कोसळले, तिथून सरळ दवाखान्यात नेलं. आईला कोणीतरी इतकंच सांगितलं होतं की चक्कर आली. ती डबा घेऊन आली. बाबांच्या तोंडावर चादर होती. आई डॉक्टरला म्हणाली, "साहेब, ह्यायले उठवा ना. जेवण थंडं होऊन राहिलं."
खोलीत डॉक्टर, मी आणि पश्या. हे वाक्य आम्ही घरात पुन्हा कधी काढलं नाही. एकमेकांजवळही नाही.
आजचा भाग. सोसायटीत योगाचा वर्ग. भाच्याचा सासरा शवासनात घोरायला लागतो. गिरजामावशी डबा घेऊन येते आणि योगशिक्षकाला म्हणते तेच. शब्दन् शब्द तेच. हसण्याचा आवाज संपतच नव्हता.
मी आईकडे पाहिलं नाही. ती उठली, आत गेली. घासलेली भांडी पुन्हा घासत राहिली.

१७ जुलै
सकाळी चहा नेला. आई म्हणाली, "मंदा, मला चहा नको."
मी कप घेऊन उभी. मला? आणि मी जन्मापासून मंदे आहे. मंदा मी फक्त रेशनकार्डावर.

२१ जुलै
तेच सुरू आहे. दूधवाल्याला, "उद्या अर्धा लिटर जास्त द्याल का?" बातम्या देणाऱ्या बाईसारखं, शब्द चाचपून. चुकलं की थांबते, मागे जाऊन दुरुस्त करते. त्यापेक्षा न बोलणं सोपं, म्हणून बोलतच नाही.
'तुळशीपुढची सून' लावली. जिना आज पुन्हा कामावर होता. मुद्दाम तिच्याकडे पाहिलं. काही नाही. म्हणाली, "छान आहे."
त्या मालिकेला छान!

२२ जुलै
पश्याला फोन केला. लाज वाटली नाही का, विचारलं.
"ताई, मी ते हसवायला लिहिलं नव्हतं. माझ्या सीनमध्ये म्हातारा खरंच गेलेला होता. चॅनलवाले म्हणाले, संध्याकाळच्या वेळेला मरण नको. त्यांनी त्याला झोपवला, घोरायला लावलं, वरून हसू टाकलं. मले टीव्हीवरच समजलं."
"मग नाव काढून घ्यायचं होतं."
"नाव काढलं तर लिहील कोण? ते? त्यायले 'काहून' कुठं लावतात तेही माहीत नाही."
"तुझ्या नटीलाही माहीत नाही."
"आणि तू गं?" तो म्हणाला. "ऑफिसात 'मले' म्हणते का तू? कधी म्हटलं?"
फोन ठेवला.
पश्याही भं.

२८ जुलै
शुभदाने नेटाने सांगितलेली वेबसिरीज. सगळे पोलीस दारू पितात, सगळे अंधारात बसतात, कोणाच्याच घरी ट्यूबलाइट नाही. खुनी कोण हे पहिल्याच भागात समजतं, कारण तो एकटाच नीट बोलतो. बाकीचे पुटपुटतात आणि त्याला अभिनय म्हणतात. महाभं.
पूर्वी अशी एखादी शिवी मी मोठ्याने घातली की आतल्या खोलीतून दुप्पट यायची. आज मीच दोनदा मोठ्याने बोलले. घर गप्प.

२ ऑगस्ट
पश्या म्हणतो, ती नटी नागपूरला येतेय, बर्डीवर साड्यांच्या दुकानाचं उद्घाटन. तिला आईला भेटायचंय. भाषा शिकायला. तोही सोबत येणार.
मी नाही म्हणून सांगितलं. आईने फोन घेतला आणि म्हणाली, "येऊ द्या त्यांना." पोटच्या पोराला 'येऊ द्या'!

६ ऑगस्ट
आले. पावडर नसली की बाई तरुण आणि थकलेली दिसते. आईच्या पाया पडली, ते खोटं वाटलं नाही, हे लिहून ठेवते. पश्या दारातच घुटमळत होता. आईने त्याला विचारलं, "प्रवास कसा झाला?" त्याचा चेहरा पाहवला नाही.
आईने सगळं स्वतः केलेलं. वडाभात, कढी, चिंचेचं सार. बाई मनापासून जेवली. मग टीपॉयवर मोबाइल उभा ठेवला, आवाज भरायला.
"आजी, मला माहितेय मी चुकीचं बोलते. सगळे नागपूरवाले मला शिव्या घालतात. तुम्ही नुसतं बोला, मी ऐकते."
आई पदर सारखा करून बसली. "काय बोलू?"
"काहीही. तुमच्या भाषेत."
"माझी हीच भाषा आहे," आई म्हणाली. एकेक अक्षर सुटं, स्वच्छ. "आम्ही घरात असंच बोलतो."
पश्याने "आई..." म्हटलं.
बाईने पुन्हा विनवलं. लहानपणचं सांगा, गावचं, धानाच्या शेतातलं. आईने सांगितलं. शेत होते, पाऊस पडत असे, आम्ही भातलावणीला जात असू. शाळेतल्या निबंधासारखं. कुठेही अडखळली नाही. इतके दिवस ती याचाच अभ्यास करत होती की काय, कोण जाणे. मी आजवर पाहिलेल्या सगळ्या नट्यांत... पण ते जाऊ दे.
बाईचे डोळे भरले. तिला समजलं असावं. मोबाइल उचलून पर्समध्ये टाकला, नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसली. पश्या राहिला.

७ ऑगस्ट
पश्या दिवसभर घरात, सोफ्यावर आडवा. संध्याकाळी आईजवळ जाऊन बसला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, आमच्या घरात भिंतींना अर्थ नाही.
"आई, मी सोडून देतो ते काम."
"तुझं काम आहे. तू ठरव."
"त्या दिवशीचं वाक्य... मी रडत-रडत लिहिलं होतं आई."
आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत असावी, कारण तो रडत होता. तिच्या तोंडून एक शब्द नाही. ना तिकडचा, ना इकडचा.
रात्री तो म्हणाला, महिनाअखेरच्या भागात गिरजामावशी गावी परत जाणार होती, पण चॅनलने आणखी भाग मागितलेत. करू की नको? मी म्हटलं, मला विचारू नकोस, माझं मत तुला माहीत आहे.

९ ऑगस्ट
पश्या काल दुपारच्या गाडीने गेला. काय ठरवलं, सांगितलं नाही. गाडीतून मेसेज, 'पोहोचल्यावर बोलतो.' पोहोचला असेल. बोलला नाही.
आज सुट्टी. दुपारी आई आणि मी भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलो. टीव्ही बंद. तो लावायची कोणालाच इच्छा नव्हती. बऱ्याच वेळाने आई शेंगांकडे पाहत म्हणाली :
"पोरगी चांगली होती वं."
मी हात थांबवले नाहीत. थांबवले असते तर ती थांबली असती.
"कोण?"
"तेच. पश्याची बाई. तिनं तो मोबाइल नसता ठेवला, तं मी बोलली असती तिच्यासंगं. नुसती बसली असती जवळ, तं बोलली असती."
मग उठून टरफलं टाकायला गेली. परत आल्यावर म्हणाली, "मला थोडं पाणी देशील का?"
पाणी दिलं.
पश्याला हे कळवायचं की नाही, ठरत नाही. कळवलं की तो हेही लिहील. नाही कळवलं तर त्याला वाटत राहील की आई आता कोणाशीच आपल्या भाषेत बोलणार नाही. मेसेज लिहून ठेवलाय. पाठवलेला नाही.