श्रावणातली गोळी

अहो,

काल श्रावण सरला आणि आज रक्ताचे रिपोर्ट हातात पडले. पहिल्यांदा तुम्हालाच सांगावं वाटलं, म्हणून लिहितेय. कोलेस्टेरॉल खाली आलं. माझं बी आणि तुमच्या धाकट्या भावाचं, मल्लिनाथ भावजींचं बी. मुरुम गावच्या आपल्या घरात मी एकटीच हसत बसलेय. शेजारीण दोनदा डोकावून गेली.

तुमच्यावरचा राग मात्र गेला न्हाय. तीन वर्षांमागं श्रावणात कोलेस्टेरॉलच्या गोळीवरनं तुम्ही म्हणालात, "महिनाभर उपास हाय, गोळी कशी चालंल?" गोळी चालत नव्हती, आणि तळलेले साबुदाण्याचे वडे चालत होते, व्हय ना? भगरीवर तुपाची धार कोण धरत होतं? मीच.

श्रावण गेला तरी गोळी परत सुरू झालीच नाही. कुठं काही दुखत नव्हतं ना तुम्हाला! दिवाळीच्या आधी दुकानात बसल्या जागीच गेलात. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कधीपासून बंद होती?" "श्रावणापासून," मलाच सांगावं लागलं.

यंदा उन्हाळ्यात माझ्या रक्तात तेच निघालं, भावजींच्या बी. श्रावण जवळ आला तशी मी लई घाबरले. शेवटी मठात जाऊन स्वामींना विचारलं. ते म्हणाले, "औषधानं उपास मोडत नाही, आई. घ्या." एवढंच विचारायचं होतं हो. तेव्हा आपण का नाही गेलो?

पण भावजींनी पहिल्याच सोमवारी गोळ्या कपाटात टाकल्या. "वहिनी, महिना झाला की घेतो." अगदी तुमचाच आवाज. घरात आता कर्ता पुरुष म्हणून ते एकटेच उरलेत.

मग रोज संध्याकाळी पूजा झाली की मी त्यांच्या दुकानात जायची. एक गोळी त्यांच्या हातावर, एक माझ्या. त्यांनी गिळल्याशिवाय हलायची नाही. गिऱ्हाइकं हसायची.

"वहिनी, पोलिसात लागलाव काय?"

"व्हय. तुमच्या भावाच्या वेळी सुट्टीवर होते."

त्या दिवसापासून ते गपगुमान हात पुढं करायला लागले. वडेही बंद केले मी, दोन्ही घरचे. नुसती भगर आणि ताक.

आज पेढे घेऊन आले होते. परत पाठवले आणि पेरू आणायला लावले.

तुमची ती गोळ्यांची पट्टी देवघरात विभूतीच्या डबीशेजारी अजून आहे. एकही गोळी न काढलेली. आज तिच्याजवळ आमच्या दोन रिकाम्या पट्ट्या ठेवल्या. शब्द देते तुम्हाला, आता या घरातली प्रत्येक पट्टी रिकामीच होईल. तुमची एक भरलेली राहिली, तेवढी पुरे.

तुमचीच,
शांता