इंजिनाच्या चाकातला केस

नाशिक, गुरुवार, संध्याकाळ. १९३६

आज मी नीच वागलो. त्याचं वाईटही वाटत नाही, हे जास्त खुपतंय.

देवळाली कॅम्पातला एक साहेब चावीचं खेळण्यातलं इंजिन घेऊन आला होता. वीतभर चालायचं आणि अडायचं. चाकाच्या आसाला लांब केस गुंडाळला होता. मला तो पाहताक्षणी दिसला. तरी इंजिन करीमचाचांपुढे सरकवलं. घड्याळाचं काम मला त्यांनीच शिकवलं. आता नजर अधू झाली, म्हणून माझ्या दुकानात बसतात. साहेबासमोर त्यांनी ते तीनदा खोललं, तीनदा जोडलं. शेवटी घाम पुसत म्हणाले, "कमान गयी, साहब. अंदर की स्प्रिंग."

मग मी चिमट्याने तो केस ओढून काढला. इंजिन टेबलभर धावलं. साहेब हसला. मीही हसलो. का? कधीकाळी गिऱ्हाइकासमोर त्यांनी माझ्या बोटांवर कानस मारली होती, म्हणून? एवढ्याचसाठी?

साहेब गेल्यावर चाचांनी विचारलं, "सच सांग, केस तुला कधी दिसला?"

"आत्ताच."

त्यांनी डोळ्याचं भिंग काढून माझ्यापुढे ठेवलं आणि चपला शोधू लागले. थांबा म्हणायला हवं होतं. मी भिंग पुसून डोळ्याला लावून पाहिलं.

माझ्या भिंगापेक्षा चांगलं आहे. उद्यापासून तेच वापरीन.