मार्नीला बीजगणितातून खाली उतरवण्याबाबत

दिनांक : १४ नोव्हेंबर

प्रति,
मा. गणितमार्ग निश्चिती अधिकारी,
शालेय विभाग कार्यालय,
एल्क फोर्ड, आयोवा.

विषय : इयत्ता सातवीतील कु. मार्नी हॅव्हरकँप हिला बीजगणिताच्या वर्गातून काढून सातवीच्या साध्या गणितात बसवण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे जुलैमधील पालक-आग्रहपत्र.
२) आपले ५ नोव्हेंबरचे अभिनंदनपत्र.

महोदया,

१. अर्जदार हा छपरे घालण्याचा व्यवसाय करतो. आपल्या कार्यालयाने चाचणी घेऊन त्याच्या मुलीस साधा मार्ग, म्हणजे नववीत बीजगणित, ठरवून दिला होता. तो निर्णय योग्य होता, हे अर्जदार येथे प्रथमच मान्य करतो. परंतु जुलैत शेजारी क्लार्क ओल्सन यांच्या अंगणात जेवणास गेला असता, हजर सहा पालकांपैकी पाचांची मुले सातवीतच बीजगणित घेणार असल्याचे निष्पन्न झाले. अर्जदाराच्या हातातले मक्याचे कणीस तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडण्यापूर्वीच दारात उभे राहून त्याने, मार्नीसही बीजगणितातच बसवावे, असे आग्रहपत्र सादर केले. मार्नीस विचारलेले नव्हते.

२. सप्टेंबरपासून मार्नीस वर्गात काय चालले आहे ते कळेनासे झाले. अर्जदाराने प्रथम एक उदाहरण समजावून दिले, मग दोन, आणि ऑक्टोबरपासून जेवणाचे टेबल आवरले की सबंध गृहपाठ अर्जदार करतो व मार्नी तो आपल्या अक्षरात उतरवते. चौदाव्या वर्षी याच विषयात नापास झालेल्या अर्जदारास तो आता चांगलाच जमू लागला आहे, हेही नमूद करणे भाग आहे. मात्र धंद्याच्या सवयीने तो उत्तरापुढे माप लिहितो. त्यामुळे मार्नीच्या वहीत 'क्ष = ९ फूट' असे गेले. वर्गशिक्षिका श्रीमती टॉलेफसन यांनी समासात 'फूट कुठून आले?' एवढेच विचारले.

३. गृहपाठातील सत्त्याण्णव गुण अर्जदाराचे आहेत. चाचण्यांतील एकेचाळीस मार्नीचे. एकोणसत्तर ही सरासरी ज्या विद्यार्थिनीची आहे, ती अर्जदाराच्या घरी राहत नाही. तरीही संदर्भ क्र. २ मध्ये चाचण्यांचे गुण 'परीक्षेची भीती' या सदरात टाकून, गृहपाठाच्या बळावर मार्नीस जानेवारीपासून रोज सकाळी बसने हायस्कूलच्या, बीजगणिताच्याही पुढच्या, भूमितीच्या वर्गास पाठवण्याची शिफारस केलेली आहे. अर्जदारास भूमितीही येईल असे वाटते. म्हणूनच तो घाबरला आहे.

४. कार्यालयात चौकशी केली असता खिडकीवरील बाईंनी, "खाली यायचा फॉर्मच नाही हो. आजवर कुणी मागितलाच नाही," असे सांगितले. वर जाण्याच्या फॉर्मवरील 'वर' खोडून 'खाली' लिहिले, तर तो खाडाखोडीच्या कारणास्तव परत आला. सबब हा साध्या कागदावर अर्ज.

५. ही मुलगी आठव्या वर्षापासून दर शनिवारी अर्जदाराबरोबर ट्रकमधून कामावर येते. नुसते खालून छप्पर बघून, डांबरी कौलांचे किती गठ्ठे लागतील ते ती सांगत असे, आणि अर्जदाराचा आकडा वेगळा निघाला तर हमरीतुमरीवर येत असे. गेल्या शनिवारी तिला आकडा विचारला असता ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला काय विचारता बाबा? हुशारांच्या वर्गात तुम्ही आहात. मी आपली उतरवून घेते."  अर्जदारास या गोष्टीचे फार वाईट वाटते. असे वाक्य अर्जात बसत नाही याची त्यास जाणीव आहे.

तरी मार्नीस तिच्या वर्गात बसवावे. लबाडीबद्दलची शिक्षा अर्जदारास द्यावी. प्रौढांसाठी बीजगणिताचा सायंवर्ग असल्यास त्यात त्याला एक जागा मिळावी, ही विनंती मात्र वेगळी समजावी.

आपला, यापुढे फक्त स्वतःचाच गृहपाठ करणारा,
वेंडेल हॅव्हरकँप

सोबत :
१) गृहपाठाची मूळ पाने, अर्जदाराच्या अक्षरात.
२) चार चाचण्या, मार्नीच्या अक्षरात.
३) ओल्सन यांच्या छपरास लागणाऱ्या कौलांचा हिशेब. अर्जदार हा अर्ज लिहीत आहे हे कळल्यावर मार्नीने समोर बसून, न विचारता, एकटीने केलेला. उत्तर दोन गठ्ठ्यांनी चुकले आहे. अर्जदाराने ते दुरुस्त केलेले नाही.