अंगणाचे दोन कोपरे

आई,

आज तुला जे सांगायचं आहे ते तुला माहीत आहे. पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नाहीस, आणि तू जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हा आता ऐकणारही नाहीस. लिहायला बसले त्याचं कारण कालचं आहे, ते पुढे सांगेन. आधी जयपूरचं सांगते, कारण जे काही झालं ते तिथंच झालं.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. माझी नववीची परीक्षा संपली होती. बाबा रेल्वेत सिग्नल फिटर, आपण कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. शाळेतल्या गणिताच्या बाईंनी माझ्या नावानं एक फॉर्म भरून टाकला होता. शहरातल्या एका कॉलेजात उन्हाळ्याच्या सुटीत गणिताचा वर्ग भरणार होता, सहा आठवड्यांचा, गणिताची आवड असलेल्या नववी-दहावीच्या मुलांसाठी. आधी परीक्षा, मग निवड. कॉलनीतून एकटी मी निवडले गेले. बाबा म्हणाले, "सुटीत कोण शाळेत जातं?" आणि तू म्हणालीस, "जाऊ द्या तिले. मी असती तर मी गेली असती." बाबा हसले. मलाही हसू आलं, कारण तू सातवी शिकलेली, आणि तू गणिताच्या वर्गात बसली आहेस हे चित्रच मला गमतीचं वाटलं.

सकाळी सातला वर्ग सुरू व्हायचा, दुपारचा गरम वारा, लू, सुटायच्या आत संपायचा. पहिल्या दिवशी मी जाऊन बसले आणि मला कळलं की इथे मी कुणीच नाही. पंचवीस-तीस मुलं, त्यात मुली पाच. बहुतेक मोठ्या इंग्रजी शाळांतली. ती आपसात इंग्रजीत बोलत, सर हिंदीत शिकवत. सर निवृत्त प्राध्यापक होते, पांढरा बुशशर्ट घालायचे, लहान मुलांनाही 'आप' म्हणायचे. शाळेत गणित म्हणजे सूत्र आणि त्यात आकडे घालणं. सर सूत्र देतच नसत. एखादं कोडं टाकत आणि फळ्यापासून लांब जाऊन उभे राहत. मुलं हात वर करत, भांडत, एकमेकांचं खोडून काढत. माझा हात कधी वर गेला नाही. दहा-बारा दिवस असे गेले. एकदा वर्ग सुटल्यावर सरांनी मला थांबवलं आणि शांतपणे म्हणाले, "बेटी, आप रोज़ समय पर आती हैं। बस, आप खुद अभी तक नहीं आईं।" त्यांनी ते मायेनं म्हटलं होतं. पण बसस्टॉपवर उभी असताना माझे कान तापले होते, आणि ते उन्हानं नाही.

घरी आल्यावर तू रोज विचारायचीस, "आज काय शिकवलं?" खिडकीला ओलं पोतं लटकवलेलं, त्यातून येणारा ओला वास, तू जमिनीवर बसून मॅटीच्या चौकटी-चौकटीच्या कापडावर टाके घालते आहेस. कॉलनीतल्या सगळ्याच बायका तेव्हा मॅटीवर भरतकाम करायच्या, पण त्या पुस्तकातला नमुना उतरवायच्या आणि तू चौकटीच्या कागदावर आपला स्वतःचा मांडायचीस. मी जेवता जेवता त्या दिवशीचं कोडं सांगायचे. तू मध्येच विचारायचीस, "मंग?" आणि कधी कधी, "तसं काहून?" मला वाटायचं, मी उपाशी आले म्हणून तू माझ्याशी बोलते आहेस. तुला ते कोडं हवं असायचं हे मला तेव्हा दिसलं नाही. एक दिवस तू म्हणालीस, "मले येता येईन का तिथं? एकच दिवस. मागं बसीन, बोलणार नाही." मी म्हटलं, "आई, तिथं कुणाची आई येत नाही." तू लगेच म्हणालीस, "नाही तर नाही," आणि सुईत दोरा ओवायला लागलीस.

तिसऱ्या आठवड्यात सरांनी अंगणाचं कोडं घरी दिलं. एक चौकोनी अंगण, आठ घरं लांब, आठ घरं रुंद. तिरप्या रेषेत समोरासमोर येणाऱ्या दोन कोपऱ्यांत एकेक खांब, त्यामुळे ती दोन घरं गेली. उरली बासष्ट. फरशी अशी की एक फरशी शेजारशेजारची दोन घरं झाकते. एकही फरशी न तोडता एकतीस फरश्यांत अंगण झाकता येईल का? येत असेल तर करून दाखवा, नसेल तर का नाही ते सांगा. मी दुपारभर कागदावर फरश्या मांडत बसले. प्रत्येक वेळी शेवटी दोन घरं उरायची, आणि ती एकमेकांपासून लांब. मी खोडायचे आणि परत मांडायचे. कागद फाटला तेव्हा मी रडले.

तू हातातलं काम ठेवलंस. माझी वही ओढून घेतलीस आणि म्हणालीस, "हा नमुना कशाचा हाय?" मी चिडून सांगितलं, नमुना नाही, अंगण आहे, आणि सगळं कोडं एका दमात सांगून टाकलं. तू नवीन चौकोन आखलास, दोन कोपरे खोडलेस, आणि लाल पेन्सिलीनं एकाआड एक घर भरत गेलीस, जसं मॅटीवर भरायचीस. एक लाल, एक पांढरं. मी म्हटलं, "रंग कशाला भरतेस?" तू म्हणालीस, "त्याबिगर मले दिसत नाही." सगळा कागद भरून झाल्यावर तू थोडा वेळ नुसती बघत राहिलीस. मग बोट ठेवून म्हणालीस, "हे पाय. कोणतीबी फरशी ठेव, तिच्याखाली एक लाल येते अन् एक पांढरं. हे दोन्ही कोपरे तं पांढरेच गेले. आता लाल बत्तीस अन् पांढरे तीस. दोन लाल उघडे राहतीनच. कशी लागन जोडी?"

मी ते पाहिलं आणि फाटलेला कागद बाजूला सारला. शंभर तऱ्हांनी फरश्या मांडायची गरजच नव्हती. कशाही मांडा, होणारच नाही, आणि का होणार नाही ते एका वाक्यात. तू उठून भाकरीचं पीठ काढायला गेलीस. "बरोबर हाय का ते सरायले विचारून ये," असं स्वयंपाकघरातून म्हणालीस. इतकंच.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, किसी ने किया? मोठ्या शाळांतल्या मुलांनीही फरश्याच मांडल्या होत्या. माझा हात वर गेला. मी फळ्याजवळ गेले, लाल खडू मागून घेतला आणि एकाआड एक घर भरायला लागले. मागे कुजबुज झाली. मी तुझंच वाक्य हिंदीत बोलले. सर फळ्याजवळ आले आणि त्यांनी लाल घरं मोजली. मग त्यांनी विचारलं, "यह रंग भरने की बात आपको कैसे सूझी?" आई, त्यांनी सरळ विचारलं होतं. उत्तर एका शब्दाचं होतं. मी म्हटलं, "ऐसे ही सर, बैठे-बैठे।" ते म्हणाले, "आज आप आ गईं।" त्या दिवसापासून मला पुढच्या बाकावर जागा मिळाली.

घरी तू विचारलंस, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "बरोबर आहे म्हणाले." तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बघितलं नाही, मुद्दाम ताटात बघत राहिले. तू पदराला हात पुसून समोर येऊन बसलीस. "मंग आज काय दिलं?" त्या दिवशीही कोडं होतं, दप्तरात होतं. मी म्हटलं, आज काही दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं, तिसऱ्याही. मला भीती वाटत होती की तू पुढचंही सोडवशील. चार-पाच दिवसांनी तू विचारायचं थांबवलंस. चोरी एका वाक्याची होती आणि ती एकदाच केली, पण तुझ्या दुपारी मी रोज थोड्या थोड्या काढून घेतल्या. मला आज जास्त लाज त्याची वाटते.

वर्ग संपला तेव्हा सरांनी सगळ्यांना पालकांसह जयपूरजवळच्या कानोता धरणाच्या बांधावर बोलावलं, सकाळच्या वेळी, ऊन चढायच्या आत. बाबांची ड्यूटी होती, म्हणून तू आलीस. इस्त्रीची निळी साडी, डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. इतर मुलांच्या आया सावलीत खुर्च्यांवर बसलेल्या, तू चटईवर. खाणंपिणं झाल्यावर सर काठी घेऊन आले आणि मातीवर चौकोन आखायला लागले. तो चौकोन मी ओळखला. ते तुझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "माताजी, देखिए आपकी बेटी ने क्या किया है।" मग त्यांनी तुला अंगण समजावलं, खांब समजावले, एकाआड एक घरात खडे ठेवले, आणि तुझं उत्तर तुला सांगितलं, सावकाश, कळेल अशा बेतानं, मध्ये मध्ये थांबून. तू सगळं ऐकून घेतलंस. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. मला वाटलं, झालं, सुटले.

तेव्हा तू विचारलंस. तुझ्या मोडक्या हिंदीत, पण घाबरून नाही. "साहब, अगर एक खडेवाला निकाला और एक बिना खडे का, कहीं से भी, तब हमेशा जमेगा क्या?"

सरांचा हात तसाच राहिला. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, परत तुझ्याकडे. "माताजी, यह तो..." त्यांनी सुरुवात केली, आणि मी मध्येच बोलले. "सर, इन्हें ठीक से समझ में नहीं आया। मैं घर पर समझा दूँगी।" माझा आवाज इतका साफ होता की आजही मला तो ऐकू येतो.  तू मान हलवलीस आणि सरांना म्हणालीस, "हाँ जी, मुझे बराबर समझा नहीं।" डब्याचं झाकण लावायला लागलीस. सर उठले. त्यांना काय कळलं, किती कळलं, मला माहीत नाही. जाताना त्यांनी तुला वाकून नमस्कार केला, दुसऱ्या कुठल्या आईला केला नाही.

बसमध्ये तू खिडकीशी बसली होतीस. बरंच अंतर गेल्यावर हळूच म्हणालीस, "मंग? लागते का जोडी?" मी म्हटलं, "नंतर सांगते." तू परत कधी विचारलं नाहीस.

लागते, आई. नेहमी लागते. सगळी घरं एका माळेत ओवायची, अंगणभर फिरून परत पहिल्या घराशी येईल अशी. माळेत लाल-पांढरं आळीपाळीनं येतं. त्यातलं कुठलंही एक लाल आणि कुठलंही एक पांढरं काढलं, की माळेचे जे तुकडे उरतात त्या प्रत्येकात घरं जोडीजोडीनंच असतात. तुला हे ऐकायला अर्धं मिनिट लागलं असतं. मला हे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी एका पुस्तकात सापडलं. त्या संध्याकाळी मी घरीच आले होते, तू समोर बसून मेथी निवडत होतीस, आणि मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मागचंही सगळं काढावं लागलं असतं. पुढे मी गणित शिकवायला लागले, बाबा रिटायर झाले, तुम्ही दोघं अकोल्याकडे परत गेलात. मी दर दिवाळीला यायचे. दर दिवाळीला संधी होती. मग तू एका आठवड्याच्या तापात गेलीस.

आता कालचं. आमच्या कॉलेजनं एक पुस्तिका छापली आहे, शिक्षकांनी आपापल्या विषयाकडे कसे वळलो ते लिहायचं होतं. मी अंगणाचं कोडं लिहिलं. चौदा वर्षांची मुलगी, उन्हाळ्याची दुपार, आणि 'अचानक मला वाटलं, रंग भरून बघावा.' तुझ्याबद्दल एक वाक्य आहे: आई फारशी शिकलेली नव्हती, पण तिनं मला कधी घरकामाला लावलं नाही. काल पुस्तिका हातात आली. ते वाक्य छापलेलं पाहिलं, आणि वाटलं की कानोत्याच्या चटईवर मी तुझ्याबद्दल जे बोलले तेच आता शाईत बोलले आहे. त्यावर एका विद्यार्थिनीनं मला येऊन सांगितलं, "मॅम, तुमच्या आईबद्दलचं वाक्य फार आवडलं." मी थँक्यू म्हणाले.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, हे उघड आहे. पण ज्यांना पाठवता येईल अशी माणसं आहेत. पुस्तिकेच्या संपादक बाई आहेत, माझी मुलगी आहे, जिला मी ही गोष्ट तिच्या लहानपणापासून माझी म्हणून सांगत आले. मघाशी वाटलं होतं की मी मराठीत लिहिते आहे ते तुझ्यासाठी. तसं नाही, आई. माझे यजमान बंगाली, मुलगी इंग्रजीत वाढली. या घरात मराठी वाचता येणारं माझ्याशिवाय कुणी नाही, म्हणून मराठीत लिहिलं.