बावीस क्रमांकाचा गॅस आणि शयनगृहातील अकरा गणपती

पेण,
दि. २१ जुलै २०२६

प्रिय प्रदीपराव यांस हरिश्चंद्र घरत याचा सप्रेम नमस्कार.

रोह्यास आपण, सौ. मनस्वी आणि आपले दोन्ही गुडघे स्वस्थ असावेत अशी आशा आहे. (गुडघ्यांचा उल्लेख प्रथम करावयास हवा होता, गेल्या पत्रात आपण त्यांना दीड पान आणि सौ. मनस्वींना एक ओळ दिली होती.) इकडील सर्व मंडळी खुशाल आहेत असे लिहिण्याचा प्रघात आहे. इकडील सर्व मंडळी म्हणजे मी. मी खुशाल आहे. आषाढ बरा लागला असून अंगणातील शेवाळावरून मी आजवर एकदाच पडलो, तेही कोणाच्या दृष्टीस न पडता.

आता मूळ विषय, म्हणजे आमच्या शयनगृहातील एसी. आपल्या ताईने २०१२ साली स्वतःच्या भिशीतून तो घेतला, तेव्हा मी त्यास लेखी विरोध केला होता. (तोंडी विरोधाचा तिच्यावर परिणाम होत नसे. लेखी विरोधाचाही झाला नाही. त्या कागदाच्या पाठीवर तिने वाण्याची यादी केली.) तिला चोवीस अंश हवे असत, मला अठ्ठावीस, पुढे सव्वीसवर तह झाला व तो आम्ही उभयतांनी निष्ठेने पाळला. गेल्या वर्षी वैशाखात ती अंथरुणास खिळली असता, औषधांनी न येणारी झोप तिला त्या हवेत दुपारी चार चार तास येई. ती गेल्यापासून मी यंत्र चोवीसवर ठेवतो. मला थंडी वाजते. मी स्वेटर घालतो. ते यंत्र त्या भिंतीवरून उतरू नये, एवढीच माझी इच्छा आहे. यास कृपया हळवेपणा समजू नये. चालत्या वस्तूस निवृत्त करू नये, हे माझे जुने मत आहे.

दुर्दैवाने या वैशाखात ती वस्तू चालेनाशी झाली. पेणमध्ये एसीचा भरवशाचा कारागीर एकच, जोहे गावचा निकेश. आणि त्याचा घरचा धंदा गणपतीच्या मूर्तींचा असल्यामुळे, ज्या दिवसांत लोकांना एसी हवा असतो त्याच दिवसांत त्याचे हात मातीत असतात. तो माझा दहावीचा विद्यार्थी. (एकतीस वर्षे मी विज्ञान शिकवले, हे आपण जाणताच; आपल्या ताईच्या मते घरीही मी तेच केले.) शिडीवरून उतरून त्याने निदान सांगितले: नळीला बारीक छिद्र आहे, आणि आतला गॅस बावीस क्रमांकाचा, म्हणजे कायद्याने हळूहळू बंद होत असलेला. मी कारण विचारले. वास्तविक मला ते ठाऊक होते. शिक्षकाची खोड जात नाही. त्यावर तो हात मागे बांधून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तुमीच शिकवलंत. क्लोरीनचा एक अणू ओझोनचे हजारो रेणू फोडतो. मी शंभर लिवलं म्हनून तुमी माझे दोन मार्क कापलेत. इसरलो नाय मी."

ओझोन थराच्या रक्षणास माझा पहिल्यापासून पाठिंबा आहे, प्रदीपराव. माझी तक्रार केवळ वेळेबद्दल आहे. २०२५ सुरू झाल्यापासून या गॅसवरची नवी यंत्रे आपल्याकडे तयार करता येत नाहीत. जुन्यांच्या दुरुस्तीपुरता गॅस मिळतो, तोही उत्तरोत्तर कमी. नव्या यंत्रांत बत्तीस क्रमांकाचा असतो. तोच यात का भरू नये, असे मी विचारले, तेव्हा निकेशने कपाळावर हात मारला. "सर, तो पेटनारा गॅस, वर त्याचं प्रेशर केवढं! ह्या म्हातारीला सोसंल काय?" (यंत्रास म्हातारी म्हणू नये, अशी मी त्यास समज दिली.)

यानंतर मी जे केले ते सांगण्यास संकोच वाटतो. वडखळच्या दुकानदाराने गॅस सोडून नवा एसी, फ्रिज व मिक्सर एवढे सर्व दाखवले. मग कोणीतरी धाटावच्या रस्त्यावरील एका गृहस्थाचे नाव सांगितले. होय, मी जूनमध्ये आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर येऊन आपणांस न भेटता परतलो. अवैध कामासाठी आलेल्या जावयाने सासुरवाडीचा चहा घेऊ नये, एवढे तारतम्य मला होते. त्या गृहस्थाने गोणपाटाखालून एक सिलिंडर काढला. मी पक्की पावती मागितली. "काका, तुमी पोलीस हाव काय?" मी म्हणालो, निवृत्त शिक्षक. त्यावर तो अधिकच घाबरला आणि पावतीऐवजी त्याने मला नमस्कार केला. सिलिंडर मी रिक्षाने, आपल्या ताईच्या शालीत गुंडाळून, मांडीवर घेऊन आणला. निकेशने तो तपासला व शालीची घडी करून माझ्या हाती दिली. "सर, ह्यात शेगडीचा गॅस मिसळलाय. हा भरला असता तर एसीचं सोडा, भिंत पन उतरली असती."

माझा चेहरा पाहून त्यास दया आली असावी. कोण्या मोडीत निघालेल्या यंत्रातून काढलेला थोडा शुद्ध गॅस त्याच्यापाशी होता. तो त्याने छिद्र बुजवून भरला. मात्र एका अटीवर. पावसात शाडूच्या मूर्ती वाळत नाहीत, तेव्हा अकरा मूर्ती माझ्या शयनगृहात राहतील. अशा प्रकारे पूर्वेस चार, पश्चिमेस चार व उत्तरेस तीन गणपती विराजमान झाले. कामास येणाऱ्या बायजाबाईंनी दारातूनच हात जोडले आणि बजावले, "सर, देवाकडं पाय करून झोपाल तर मी उद्यापासून येनार नाय, सांगून ठेवते." आता तीन दिशांस देव असता पाय करावयास उरली ती दक्षिण, आणि दक्षिणेकडे पाय कोणाचे करतात, हे आपणांस सांगावयास नको. मी बारा दिवस आरामखुर्चीत, स्वेटर घालून, पद्मासनाच्या जवळपास पोहोचणाऱ्या अवस्थेत झोपलो.

निकेशने एसी अठ्ठावीसवर ठेवण्यास सांगितले होते. मी चोवीसवर ठेवला. (शिवाय हवा जितकी कोरडी तितके बाष्पीभवन जलद, हे मी फळ्यावर सिद्ध करून दिले असते.) तेराव्या दिवशी नऊ मूर्तींना तडे गेले होते; दोघांचे कान हातात आले. शाडू सावकाश वाळावा लागतो, ही गोष्ट मी सोडून जोह्यातील प्रत्येक माणसास ठाऊक आहे. मी निकेशची क्षमा मागितली. तो मात्र ओल्या मातीने कान बसवू लागला. "डोळ्यांची आखनी झाली नाय अजून, सर. तवर ही मातीच. माती जोडता येते." मग वर न पाहता म्हणाला, "ह्या म्हातारीचं तसं नाय. परत गळाया लागलीय. मी भरत ऱ्हाईन, सर, तुमी सांगाल तवर. पन ते सगळं वर जातंय." या वेळी मी त्यास म्हातारीबद्दल टोकले नाही.

तात्पर्य, यंत्राबाबत मी पूर्णतः व्यवहारी दृष्टीने विचार करीत असून अद्याप निर्णय झालेला नाही. सौ. मनस्वींस नमस्कार, गुडघ्यांस तीळतेल.

आपला,
ह. का. घरत

ता. क. आपल्याकडील माळ्यावर एक जुना एसी पडून आहे, असे ऐकतो. त्यात बावीस क्रमांकाचा गॅस शिल्लक असल्यास तो निकेशकरवी रीतसर काढून घेता येईल. वरील सर्व मजकूर या ओळीच्या पूर्वपीठिकेसाठी होता.

ता. क. २. वरील ता. क. रद्द समजावा. पत्र पाकिटात घालण्यापूर्वी मी निकेशला होकार कळवला आहे. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता तो आमचा एसी भिंतीवरून उतरवील. आपण अवश्य यावे. उतरवताना खालून धरावयास माणूस लागतो, असे मी त्यास सांगितले आहे. तो म्हणतो, "एकट्याचं काम हाय, सर." मी त्यास म्हटले, नाही.