कोटाच्या अस्तरामागे

बाबा, तुमचा लोकरीचा कोट काल मी घाटकोपरच्या शिंप्याकडे उसवायला दिला. माझ्या नातवाचे लग्न पुढच्या महिन्यात आहे. त्याच्या मापाचा करून हवा होता. तुम्ही तो एकदाही अंगात घातला नाहीत, आणि त्यावरून मी तुमच्याविषयी काढलेला निष्कर्ष पन्नास वर्षांहून अधिक काळ बदलला नाही. आज तो मागे घेतो आहे.

सुरुवात अंधेरीच्या स्वयंपाकघरात झाली. शुक्रवारची संध्याकाळ आहे, आई शब्बाथचे, आपल्या यहुदी विश्रांतिदिवसाचे, दिवे लावायच्या तयारीत आहे, आणि कायद्याच्या दुसऱ्या वर्षातला मी तुम्हाला विचारतो आहे की लोकर आणि लिनन एका वस्त्रात एकत्र नकोत, या आपल्या धर्मग्रंथातल्या आज्ञेमागचे कारण काय. तुम्ही सदऱ्याची बटणे लावत म्हणता, "कारण दिलेलं नाही."

"म्हणजे कारण नाहीच."

"दिलं असतं तर तू त्यावरही वाद घातला असतास. जा, आधी टोपी घाल."

आई हसली. ते हसू मला झोंबले.

सनद मिळाल्यावर मी तुमच्यासाठी कोट शिवून आणला, तो तहाची खूण म्हणून. कापड निव्वळ लोकरीचे आहे ना, हे दुकानदाराला तीनतीनदा विचारून घेतले होते. तुम्ही तो हातात घेतलात, कॉलरमागे बोटे फिरवलीत आणि दोन दिवसांनी म्हणालात, "मुंबईत लोकर कोण घालतं रे? उकडेल मला." कोट कपाटात गेला. माझ्या लग्नात नवरी पांढऱ्या साडीत उभी होती, आणि तुम्ही जुन्याच सुती कोटावर सिसीत, आपला चार कोपऱ्यांना गोंडे असलेला प्रार्थनेचा शेला, पांघरून आलात. मी ठरवून टाकले: यांना माझी वकिली मान्य नाही, आणि मीही नाही.

काल शिंपी अस्तर सोडवता सोडवता थांबला. "साहेब, हा आधी कुणीतरी उघडलाय. कॉलरखाली हातशिलाई बघा. आणि कॉलर ताठ राहायला आत घालतात त्या कॅनव्हासचा बोटभर तुकडा कापून नेलाय."

"कॅनव्हास कशाचे आहे?"

"लिननचं. जुने कारागीर तेच घालायचे. वडील काय सोनं शोधत होते काय?"

मी तिथल्या स्टुलावर बसलो. ते तिरके टाके मी ओळखतो. सिसीतचा उसवलेला काठ तुम्ही तसाच शिवायचात. बाहेरचे कापड शुद्ध असल्याची खात्री करताना आतल्याचा विचार मला सुचला नव्हता. गिरणीत सूत तपासण्यात हयात गेलेल्या तुमच्या बोटांना तो लगेच सुचला. तुम्ही तुकडा काढून पाहिलात, अस्तर पुन्हा शिवून ठेवलेत आणि उकाड्याचे निमित्त पुढे केलेत, कारण मी ती आज्ञा पाळायला निघालो होतो आणि तिथेच चुकलो होतो. वाद जिंकून देणारा पुरावा हाती असताना तो सादर न करणारा माणूस मी उभ्या कारकिर्दीत पाहिला नाही. घरी येताना मी दोनदा मोठ्याने हसलो. रिक्षावाल्याने आरशातून पाहिले.

आता सुती कॅनव्हास घालायला सांगितले आहे.

हे पत्र कुठेही जाणार नाही, म्हणून एवढे लिहितो. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न साक्षीदाराला विचारू नये, असे मी कनिष्ठ वकिलांना शिकवत आलो. कोट का घालत नाही, हे तुम्हाला विचारायला, तो आणल्यापासून तुम्ही जाईपर्यंत, माझ्यापाशी अकरा वर्षे होती. मी विचारले नाही. मला तुमच्या उत्तराची भीती वाटत होती, आणि हे मी आईलाही कधी सांगितले नाही.