नाताळचा खचलेला केक

अमरावती, २५ डिसेंबर १९५८, संध्याकाळ

लहानपणी नलू टेबलाखाली बसून संत्री सोलायची, सालं माझ्या हातात द्यायची, मी ती केकसाठी बारीक चिरायची. काल सालं चिरताना तेच आठवत होतं. तेल्हाऱ्याच्या हिंदू घरात लग्न केल्यापासून लेक आज प्रथमच नाताळला आली, तीही सासूबाईंना घेऊन. ख्रिस्ती घरात त्या जेवतील का, हीच धास्ती. म्हणून केकमध्ये अंडं घातलंच नाही. बेकरीच्या भट्टीतून आला तो मधोमध खचलेला. टेबलावर लाल कापड, झेंडू, रंगीत कागदाच्या माळा, आणि मध्ये हा खड्डा. संत्र्याच्या फोडी भरून पाहिल्या. लपला का? छे.

विहीणबाईंनी वाकून पाहिलं. "अंडं नाही टाकलं काय?"

"तुमच्यासाठीच नाही घातलं."

"मले विचारलं काहून नाही, बाई? मी त खातो. घरी कोंबड्या काय नुसत्या पाहाले पाळल्या?"

नलू पदर तोंडाला लावून हसत सुटली. मग त्या पोटभर जेवल्या, वर खड्ड्याजवळचाच तुकडा मागून घेतला. एवढं साधं मला विचारता का आलं नाही?

उद्या त्या परत जातील. झेंडूची फुलं नलूच्या बाबांच्या कबरीवर ठेवायची. केकची एक कड बेकरीवाल्याला, एक शेजारी. मधला खचलेला भाग विहीणबाईंना, माझ्या पितळी डब्यात. डबा नलूच्या हाती परत पाठवू नये म्हणावं. पुढच्या नाताळला त्यांनी स्वतः आणावा, अंडी भरून.